आईचा घसा बसला होता

नेरूळ,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

शेवंतामावशी,

नमस्कार. माझं अक्षर तुम्ही ओळखणार नाही. मी सोनल, करावे गावच्या मालतीबाईंची मुलगी. तुमच्या ताटात जेवायची ती. आता सत्तेचाळीस वर्षांची आहे, बेलापूरला बँकेत नोकरी करते.

तुमचा पत्ता गावातल्या नामाकाकांनी दिला. तुम्ही आता वढावला लेकीकडे असता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. म्हणाले, ‘फोन करू नकोस. तिला ऐकायला येत नाय. पत्र टाक, ती वाचते.’ म्हणून कितीतरी वर्षांनी हाती कागद घेतलाय.

आई नोव्हेंबरात गेली. तुम्हाला कळलं असेलच. शेवटचे आठ दिवस हॉस्पिटलात होती. फार त्रास झाला नाही.

मुद्द्याचं लिहिते. धनेशदादाच्या केतनचं लग्न ठरलंय, चार मेला. मुलगी उलव्याची, रंजिता. दोघंही इंजिनियर. आणि दोघांनी हट्ट धरलाय की लग्नात धवला झालाच पाहिजे. केतन म्हणतो, ‘आजीनं धवला गाऊन अख्ख्या खाडीपट्टीतली लग्नं लावली आणि माझ्या लग्नात डीजे? चालणार नाही.’ मला हसू आलं आणि मग लक्षात आलं, आईची सगळी गाणी आईबरोबरच गेली. मी तिची ट्रंक उघडली, वाटलं एखादी वही असेल. लुगडी होती, आमच्या शाळेच्या मार्कशीटा होत्या. वही नव्हती. तिला लिहिता कुठे येत होतं, हेही मला ट्रंक बंद करताना आठवलं.

गावात आता धवलारीण उरली नाही. दोन बायका आहेत, पण त्यांना मांडवाचं आणि हळदीचं थोडं थोडं येतं. सगळं येणाऱ्या तुम्हीच. तुम्ही आणि आई चाळीसेक वर्षं जोडीनं म्हणत होता. म्हणून विनंती आहे, तुम्हाला आठवेल तेवढं लिहून पाठवाल का? मी टाइप करून घेईन, बायकांना वाटेन.

माझ्या लग्नात तर आईचा घसा बसला होता, त्यामुळे धवला झालाच नाही. ते राहिलंच. त्यानंतर तुम्ही आमच्याकडे आला नाहीत. पुढे कुणी म्हणायचं आणि मागे कुणी, यावरून तुमचं वाजलं, असं गावातले लोक म्हणतात. आईनं कधी काही सांगितलं नाही. काही चुकलं असेल तर तिच्यासाठी मोठ्या मनानं विसरा.

उत्तराची वाट बघते.

तुमची,
सोनल


वढाव, ता. पेण
२ मार्च २०२५

सोनल बाय,

तुजं पत्र आलं. माजी शाळा चौथीपर्यंत, तवा अक्षर लागलं नाय तर दोनदा वाच.

मालती गेली ते मला त्याच दिवशी कळलं. नामाचा निरोप आलता. लेक बोलली, ‘आये, चल, रिक्षा करू, पुढं एसटी हाय.’ मी बोलले, ‘माजे पाय दुखतान.’ पाय दुखत नव्हते.

तू गानी लिवून मागतेस. कशी लिवू? मी कागद घेऊन बसले तर चार ओळींच्या पुढं जाईना. ती गानी डोक्यात नसतान. ती हातात असतान. हळद दळायला बसलं की येतान, तांदूळ निवडायला घेतले की येतान. नुसतं बसून आठवलं तर मला माज्या आयेचा चेहरा पन आठवत नाय, गानं कुठलं आठवनार.

आमी दोघी एकाच साली लगीन होऊन करावे गावात आलो. तुजी आय सोळाची, मी पंदराची. दोघी मिठागरावर जायचो. पाय मिठानं फाटायचे, रात्री करंजाचं तेल लावायचो. आमच्यात शकुबाय म्हनून म्हातारी होती, ती मोठी धवलारीन. डोक्यावर मिठाची टोपली घेऊन बांधावरनं चालताना ती पुढं एक ओळ टाकायची, आनि मागनं आमी दोघी झेलायचो. चुकलो तर ती टोपलीसकट मागं वळायची. तशी शिकलो. शाळा नाय, वही नाय. पुढं शकुबाय थकली तवा तिनं मालतीला पुढं केलं, मला मागं. तू लिवतेस तसं पुढं-मागं यावरनं आमचं कदी वाजलं नाय. मालतीचा आवाज पुढं जायचाच होता. माजं काम झेलायचं. झेलनारी नसली तर पुढचीची ओळ जमिनीवर पडते.

आता तू विचारलंस म्हनून सांगते. तुज्या लग्नात तिचा घसा बसला नव्हता. तुज्या हळदीच्या आदल्या दिशी आमी नामाच्या पुतन्याच्या हळदीला होतो. संध्याकाळपर्यंत ती घंटेवानी वाजत होती. दुसऱ्या दिशी मी तुमच्याकडं आले तर चुलीपाशी बसलेली. बोलली, ‘शेवंते, माजा घसा बसलाय.’ मी बोलले, ‘मंग मी पुढं म्हनते, तू नुसती माज्या बाजूला बस. लेकीचं लगीन हाय, बिनधवल्याचं कसं लावायचं?’ तर बोलते कशी, ‘तू पन नको. मलाच नको वाटतंय आता. लोक मोठी येनार. मला लाज वाटते.’

लाज! शकुबायनं जे तिच्या पदरात घातलं त्याची लाज! तुमची बिल्डिंग तवा नवी झालेली. मी समजले, मालती आता बिल्डिंगवाली झाली. मी उठले आनि गेले. अक्षता टाकायला पन थांबले नाय. ते शेवटचं.

तवा मोठं मन कुनी करायचं ते तूच सांग. आशीर्वाद देते, कारन तू लहान.

शेवंता


नेरूळ,
१२ मार्च २०२५

शेवंतामावशी,

तुमचं पत्र ऑफिसमधून आल्यावर उभ्यानंच वाचलं.

पहिल्या पत्रात मी तुमच्याशी खोटं बोलले. आईचा घसा बसला नव्हता, हे मला माहीत होतं. कारण लाज तिला वाटली नव्हती. मला वाटली होती.

लग्नाच्या आधी पंधरा दिवस. आई ओट्यावर बसून अक्षतांचे तांदूळ निवडत होती. मी हॉलची यादी घेऊन आले. वाशीचा एसी हॉल, बँकेतला सगळा स्टाफ येणार, मॅनेजर येणार, सासरचे साताऱ्याकडचे लोक. मी म्हटलं, ‘आई, हॉलमध्ये ते तुमचं धवल्याचं नको हं. भटजी आहेत ना. लोक हसतील.’ तिनं मान वर केली नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मी पुन्हा म्हटलं, ‘ऐकलंस का? हळदीला घरीपण नको. ऑफिसच्या मुली येणार आहेत.’ तेव्हा म्हणाली, ‘बरं. घसा बसलाय म्हणून सांगते.’ आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

एवढंच बोलणं झालं, मावशी. एक मिनिटसुद्धा नसेल. मला तर सुटल्यासारखं वाटलं होतं की बरं झालं, वाद घातला नाही.

तुम्हाला तिनं तसं का सांगितलं, ते आज तुमच्या पत्रावरून कळतंय. घशाचं कारण तुमच्यापुढे टिकलं नाही, म्हणून लाज तिनं स्वतःच्या अंगावर घेतली. माझं नाव येऊ दिलं नाही. आणि तुम्ही त्या दिवसापासून तुटलात, तेही तिनं वीस वर्षं गिळलं. मला एका शब्दानं बोलली नाही.

मी विचारायला हवं होतं. वेळ मिळाला नाही असं म्हणू शकत नाही. वीस वर्षं होती. दर रविवारी मी करावेला जायचे. ती चिंबोऱ्यांचं कालवण करून ठेवायची. मी जेवायचे, मोबाईल बघायचे, यायचे. एकदोनदा ओठांवर आलं होतं, ‘आई, त्या वेळी तुला वाईट वाटलं का गं?’ पण वाटायचं, जुनं कशाला उकरायचं. खरं म्हणजे ती ‘हो’ म्हणेल याची भीती वाटायची.

गेल्या वर्षी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. गाडी पाम बीच रोडला लागली. ती काचेला हात लावून म्हणाली, ‘हितं आमचं मिठाचं आगर होतं. हितनं शेवंता नि मी...’ आणि मी म्हटलं, ‘हो आई, किती वेळा सांगशील.’ तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. फोन संपेपर्यंत ती गप्प झाली होती. पुढचं वाक्य काय होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

तुमची मैत्री माझ्यामुळे तुटली. हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिलं. आता तुम्हाला गाणी मागायचं माझं तोंड नाही.

सोनल


नेरूळ,
१० एप्रिल २०२५

शेवंतामावशी,

महिना होत आला. तुमचं उत्तर आलं नाही. यायला हवं असा माझा हक्क नाही. नामाकाकांकडून एवढंच कळलं की तुमची तब्येत ठीक आहे.

केतन विचारत होता. मी त्याला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तोंडानं सांगितलं. त्यानं एक लग्नपत्रिका माझ्यापुढे केली. मग म्हणाला, ‘आत्या, लग्नाला बोलाव तरी त्यांना.’

म्हणून पत्रिका पाठवतेय. पहिली पत्रिका देवाला ठेवली, दुसरी ही.

सोनल


वढाव,
१९ एप्रिल २०२५

सोनल,

पत्रिका मिळाली. आदीचं पत्र पन मिळालेलं.

तुजा राग आला. खोटं कशाला लिवू. पंदरा दिस मी तुजं नाव घेतलं नाय. लेकीला बोलले, त्या पोरीनं माजी मालती माज्याकडनं नेली, एका बोलन्यात नेली. आनि तिला साधं कळलं पन नाय.

मंग राग मालतीवर गेला. मी तिला परकी होते काय? मिठागरावर मला ताप भरलेला तवा तिनं दोघींच्या टोपल्या व्हायल्या. मला खरं सांगायचं ना, ‘शेवंते, पोर नको बोलते, गप ऱ्हा.’ मी गप राहिले असते. वाईट वाटलं असतं, पन बाजूला बसून भाकरी थापल्या असत्या. तिनं विचार केला असंल, शेवंताच्या तोंडात तीळ भिजत नाय, ही गावभर करनार आनि पोरीचं नाव जानार. ते पन खरं हाय. मी केलं असतं.

मंग राग माज्यावर आला. तो अजून हाय.

मी येते. तुज्यासाठी नाय, केतनसाठी. आनि शकुबायसाठी. पंचवीस तारखेला येते, लगीन होईपर्यंत ऱ्हाते. धनेशला सांग, जातं काडून ठेव. विकलं असंल तर कुनाचं तरी आन. त्या दोन बायकांना बोलव, अजून चार पोरी बोलव. आनि तू रजा काड. वही-पेन घेऊन बसलीस तर मी तोंड उघडनार नाय. दळायला बसायचं.

एक ध्यानात ठेव. मला आता माजाच आवाज ऐकायला येत नाय. गानं खाली जातं का वर जातं मला कळनार नाय. हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या.

शेवंता


नेरूळ,
२० मे २०२५

शेवंतामावशी,

तुम्हाला एसटीत बसवून परत आले आणि घर ओकं वाटायला लागलं. माझे तळहात अजून दुखतायत. ऑफिसात सगळ्यांना दाखवले. ‘जात्यावर दळलं’ म्हटलं तर एकीला वाटलं, ते जिममधलं कुठलं तरी मशिन.

तुम्ही गेलात तेव्हा एसटी स्टँडवर इतका गोंगाट होता की मला काही बोलता आलं नाही. आणि लग्नात तुम्ही पुढे, आम्ही तुमच्या पाठीमागे. मागे काय काय झालं ते तुम्हाला ना दिसलं, ना ऐकू आलं. म्हणून लिहिते.

हळदीच्या दिवशी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मांडव. गाड्या सगळ्या रस्त्यावर लावलेल्या. तुम्ही पाटावर बसलात आणि सुरू केलंत, ‘पयलं आवतन खाडीला गो, दुसरं आवतन बांधाला.’ तुमचा आवाज चिरकत होता, मावशी. वर जायच्या जागी खाली जात होता. रंजिताकडच्या दोघीतिघी मुली एकमेकींकडे बघून हसल्या, हे मी पाहिलं. आणि मी तुम्हाला खरं सांगते, वीस वर्षांपूर्वी मला ज्याची भीती होती ते हेच. पण त्या हसल्या आणि काहीच झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. दुसऱ्या ओळीला आम्ही सात जणींनी झेल घेतला, तिसरीला गावातल्या म्हाताऱ्या खुर्च्यांवरून उठल्या. काठ्या टेकत टेकत पुढे येऊन खाली बसल्या. त्यांना सगळं येत होतं! इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. स्पीकरवाला गाणं लावायला गेला, तर धनेशदादानं त्याची वायरच काढली.

माझ्या सासूबाई, प्रेमलाताई, मागच्या रांगेत होत्या. मला भीती वाटत होती ती ज्यांची, त्या. त्या मला हळूच म्हणाल्या, ‘सोनल, आमच्याकडंबी जात्यावर म्हणत्यात गं असंच. माझी आई म्हणायची. तुझ्या लग्नात का नव्हतं हे?’

बाजूला धनेशदादा होता, वहिनी होती, त्या हसणाऱ्या मुलीही होत्या. तोंडात तयार उत्तर होतं, आईचा घसा बसला होता. मी म्हटलं, ‘आई म्हणणार होती. मी नको म्हटलं. मला लाज वाटली होती.’

सासूबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘मला विचारायचंस की गं.’

मग तो गेलेल्या माणसांना बोलवायचा भाग आला. घरातून गेलेल्या एकेकाचं नाव घेऊन, लग्नाला या, म्हणायचं. आजोबांचं नाव झालं, आजीचं झालं, बाबांचं झालं. मग आईची पाळी आली आणि तुम्ही थांबलात. तुमची मान खाली गेली. खांदे हलत होते. तुम्हाला वाटलं असणार की गाणं थांबलं.

थांबलं नव्हतं, मावशी. मी म्हटलं. ‘मालतीबाय, ये गो, नातवाच्या हळदीला ये गो.’ माझा सूर कुठे लागला, देव जाणे. इतकी वर्षं मी बाथरूममध्येही गायले नव्हते. पण मी एकटी नव्हते. मागून सगळ्यांनी झेललं. तीनदा म्हटलं आम्ही. तिसऱ्यांदा तुम्ही मान वर केलीत आणि पुढचं धरलंत. कुठून धरायचं ते तुम्हाला कसं कळलं? माझ्या तोंडाकडे बघत होतात का?

केतनच्या डोळ्यांतून हळदीवर पाणी येत होतं. फोटोवाला म्हणत होता, ‘सर, जरा स्माइल.’

उरलेली गाणी शिकायला मी येईन. पण नुसत्या गाण्यांसाठी नाही.

तुमची,
सोनल


वढाव,
१ जून २०२५

सोनल बाय,

तुजं पत्र लेकीला पन वाचून दाखवलं. ती रडली. मी तुज्या तोंडाकडंच बघत होते. दुसरं कुठं बघनार?

आता माजं ऐक. आठ दिस तुज्या शेजारी दळायला बसले, तवा रोज वाटायचं सांगावं. जातं फिरायचं आनि माजी जीभ फिरायची नाय. आये गेलेल्या पोरीला समोर बसून हे कसं सांगायचं? कागदावर बरं, तुजं तोंड दिसत नाय.

मालती माज्याकडं आलती.

सात वर्सं झाली. गनपतीच्या आदी. मी आत चुलीपाशी होते. लेकीनं खिडकीतनं बघून सांगितलं, ‘आये, करावेच्या मालतीमावशी येतान.’ आनि मी काय बोलले? बोलले, ‘सांग, घरात नाय.’

लेक बोलली, ‘आये, काय करतेस? म्हातारी उन्हातनं आलीय.’ मी बोलले, ‘सांगितलं तेवडं कर.’

ती दारात उभी राहिली. तवा मला ऐकायला येत होतं, सोनल. आत्तासारखं नव्हतं. समदं ऐकलं मी, भिंतीच्या पल्याड उभी ऱ्हाऊन. लेक बोलली, ‘आये घरात नाय.’ मालती बोलली, ‘कदी येल?’ ‘म्हायती नाय.’ मंग ती बोलली, ‘बरी हाय ना ती? जेवते ना?’ ‘हां, बरी हाय.’ ‘गाते का कुठं?’ लेक बोलली, ‘नाय. सोडलं.’ मालती बोलली, ‘मी पन.’

पानी पन नाय पिली. लेकीनं आग्रह केला तर बोलली, ‘नको, धनेश वाट बघतोय.’ मी भिंतीला डोकं टेकून उभी होते. चार पावलं टाकायची होती. माज्या मनात होतं, परत येल तवा बोलू. अजून थोडी तिला कळू दे, असं वाटलं. ती परत आली नाय. आनि मी गेले नाय.

तू एका मिनिटात चुकलीस, तवा तू लहान होतीस. मी म्हातारी होऊन चुकले. तू मला पहिल्यांदा लिवलंस तवा म्हनालीस, मोठ्या मनानं विसरा. तवा मला गप बसता आलं नाय, वर तोंड करून तुलाच शिकवलं.

हे लेक सोडून कुनाला म्हायती नाय. आता तुला हाय. तुला माजा राग आला तर पंदरा दिस धर. जास्ती धरू नको. ते बरं नसतं.

शेवंता


करावे,
रविवार, ८ जून २०२५

शेवंतामावशी,

तुमचं पत्र काल मिळालं. आज करावेला आले आणि धनेशदादाला समोर बसवून विचारलं, ‘सात वर्षांपूर्वी तू आईला वढावला नेलं होतंस?’

तो म्हणाला, ‘हो. पेणला गणपतीची मूर्ती आणायला गेलो होतो. आई म्हणाली, तेवढं शेवंताकडे चल. गल्ली अरुंद, म्हणून मी गाडी देवळापाशी उभी केली.’

‘मग?’

‘मग काय, वीस मिनिटांत परत आली. मी म्हटलं, एवढ्यात? तर म्हणाली, भेटली रे. चहा केला तिनं. दोघी रडलो, दोघी हसलो. मिटलं आता समदं.’

मी पुन्हा विचारलं, ‘असंच म्हणाली?’

‘असंच. मी म्हटलं, गणपती झाले की पुन्हा आणतो तुला. तर म्हणाली, नको, लेकीच्या घरात राहते ती, सारखं जाणं बरं नव्हे. मला तर इतकी वर्षं वाटत होतं तुमचं सगळं नीट झालंय. लग्नाला शेवंतामावशी आल्या तेव्हा मला नवल वाटलंच नाही.’

म्हणजे हे त्याला सात वर्षं माहीत होतं आणि मला नव्हतं. आम्हा बहीणभावांचं बोलणं तरी केवढं, डेकोरेटर आणि हॉलपुरतं. मी त्याला तुमचं पत्र वाचायला दिलं. त्यानं वाचून घडी घातली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं आत येऊन म्हणाला, ‘परतताना ती मागे बसली होती, मूर्तीशेजारी. एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दमली.’

तुम्ही आत आहात हे तिला कळलं होतं का, मला माहीत नाही. पण तुम्ही दार उघडलं नाहीत, हे तिनं आपल्या मुलालासुद्धा कळू दिलं नाही. चहा पाजलात असं सांगितलं. माझ्यासाठी केलं तेच तिनं तुमच्यासाठी केलं.

‘जाऊ द्या’ असं मी म्हणणार नाही. तुम्हीही मला म्हटलं नाहीत, आणि तेच मला बरं वाटलं होतं. राग आलाय, तो एवढाच की ती कुणाशी म्हणून बोलली नाही. इतकं सगळं घेऊन ती दर रविवारी माझ्यासमोर चिंबोऱ्या वाढत बसायची.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. धनेशदादाही म्हणतोय, पण त्याला म्हटलं, पुढच्या खेपेला. रविवारी संध्याकाळपर्यंत राहीन. मोबाईल बंद ठेवीन. जातं काढू नका. या वेळी गाणी नकोत.

तुम्ही दोघी पंधरा-सोळा वर्षांच्या होतात. नव्या सुना. मिठागरावर दिवसभर एकत्र. तेव्हा काय बोलायचात? कुणाच्या नकला करायचात? आई कशाला हसायची, ते सांगा.

तुमची,
सोनल